दिवाणखान्यातील होम थिएटर (नाशिक)

बैठकीच्या खोलीत मोठा पडदा आणि प्रेक्षकाला चहूबाजूंनी वेढणारी ध्वनियोजना बसवून चित्रपटगृहाच्या तोडीचा अनुभव घरी घेण्याची व्यवस्था. पडद्यासाठी टीव्ही किंवा प्रोजेक्टर, आवाजासाठी पाच वा अधिक स्पीकर आणि एक सबवूफर (फक्त खर्जाचा मोठा स्पीकर), व या सगळ्यांना चालवणारा रिसीव्हर हे तिचे नेहमीचे घटक होत. स्वतंत्र खोली राखून केलेल्या थिएटरात खोली यंत्रणेसाठी असते. हॉलमधल्या थिएटरात यंत्रणेलाच खोलीशी जुळवून घ्यावे लागते. नाशिकमध्ये बहुतेक घरांत दुसरा प्रकार आढळतो. इथल्या हॉलमध्ये पाहुणे बसतात, मुलांचा अभ्यास होतो, गौरी-गणपती बसतात, हळदी-कुंकू होते आणि गावाकडून कोणी आले की रात्री गाद्याही पडतात. स्टँडवर उभे केलेले नाजूक स्पीकर या रहदारीत फार दिवस टिकत नाहीत.

चित्रपटाशी नाशिकचे नाते जुने आहे. दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला झाला. १९१३ मध्ये मुंबईत पहिला चित्रपट प्रदर्शित केल्यावर त्यांनी निर्मितीचा पसारा नाशिकला हलवला, १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली, आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच त्यांचे निधन झाले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. घरात चित्रपट शिरला तो मात्र फार उशिरा. आधी शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर मांडी घालून पाहिलेली दूरदर्शनची रविवारची रामायण मालिका (१९८७-८८), मग भाड्याने आणलेला व्हीसीआर, नव्वदच्या दशकात केबल, त्यानंतर व्हीसीडी. १९९६-९७ मध्ये परदेशी बाजारात आलेली डीव्हीडी आपल्याकडे रुळल्यावर एका खोक्यात मिळणारे ‘होम थिएटर’ संच दुकानांत दिसू लागले. त्यांतले अनेक संच आवाजापेक्षा आकड्यांच्या जोरावर खपले. खोक्यावर ठळक छापलेले ‘पीएमपीओ’ वॅट म्हणजे क्षणभराच्या कमाल शक्तीचा फुगवलेला हिशेब; सतत मिळणारी शक्ती ‘आरएमएस’ या मापाने कळते. शिवाय वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचे माप) वाढतो.

हॉलचे ध्वनिशास्त्र

‘डायलॉग ऐकू येत नाहीत आणि गाणे लागले की घर हादरते’ ही होम थिएटरविषयीची सर्वांत सामान्य तक्रार. मग पूर्ण सिनेमाभर रिमोट हातात धरून आवाज वर-खाली करण्याचे काम एकाकडे लागते. बहुधा दोष यंत्रावर ढकलला जातो आणि त्याहून मोठे यंत्र आणले जाते. प्रत्यक्षात गुन्हेगार अनेकदा खोलीच असते.

गंगापूर रोड, इंदिरानगर किंवा पाथर्डी फाट्याकडच्या टू-बीएचके फ्लॅटमधला हॉल साधारण १० फूट रुंद, १५ फूट लांब आणि १० फूट उंच धरला, तर त्याचे घनफळ १,५०० घनफूट आणि सर्व पृष्ठभाग मिळून ८०० चौरस फूट भरतात. जमिनीवर व्हिट्रिफाइड टाइल, भिंतींवर पुट्टी आणि रंग, वर पीओपी, एका बाजूला गॅलरीचे काचेचे सरकते दार. यांतले काहीही आवाज फारसा शोषत नाही. वॉलेस सॅबिन या अमेरिकी शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडलेल्या सूत्रात ही मापे घातली आणि पृष्ठभाग सरासरी ५ टक्के आवाज शोषतात असे मानले, तर सामान न लागलेल्या अशा हॉलमध्ये आवाज विरायला पावणेदोन सेकंदांहून अधिक वेळ लागतो. तेवढ्यात पात्राची पुढची अनेक अक्षरे येऊन आधीच्यांवर आदळतात. घरगुती थिएटरसाठी हा काळ अर्ध्या सेकंदाच्या आत-बाहेर असावा असे मानतात.

त्याच हिशेबात कापडी सोफा, गॅलरीच्या दारावर चुण्यांचा जाड पडदा आणि सोफ्यासमोर गालिचा किंवा जाड सतरंजी घातली की आकडा सुमारे ०.६ सेकंदावर उतरतो. म्हणजे या खोलीतला सर्वांत मोठा सुधार पडद्यांच्या दुकानात मिळतो. पडदा सपाट ताणलेला नको. दाराच्या रुंदीच्या दुप्पट कापड चुण्या पाडून लावले तर शोषण चांगले होते. पुस्तकांनी भरलेले उघडे कपाट मागच्या भिंतीला असेल तर ते आवाज विस्कटून टाकते, आणि त्यासाठी वेगळे पॅनेल घ्यावे लागत नाही. रेक्झिनचा सोफा या बाबतीत कापडी सोफ्याहून कमी उपयोगाचा. परीक्षा सोपी आहे: बसायच्या जागी उभे राहून एक जोरदार टाळी वाजवावी. टाळीमागून तारेसारखी झणझण आली, तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींत आवाज चेंडूसारखा टोलवला जातो आहे असे समजावे.

खर्जाचे गणित निराळे. आवाज सेकंदाला सुमारे १,१२५ फूट जातो, त्यामुळे १५ फूट लांबीच्या खोलीत ३७.५ हर्ट्झच्या (सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या) आसपासचा सूर स्वतःच फुगतो, आणि १० फुटांच्या रुंदीत ५६ हर्ट्झचा. छतही १० फुटांवर असेल तर तोच ५६ पुन्हा मिळतो आणि त्या एका सुरावर सगळे घर घुमते. पीओपीने छत नऊ-साडेनऊ फुटांवर येते तेव्हा हा योगायोग थोडा मोडतो, ही त्या खर्चाची न सांगितलेली जमेची बाजू. सोफा भिंतीला टेकवण्याची आपली पद्धत मात्र खर्जाला आणखी फुगवते, कारण भिंतीलगत त्याचा दाब सर्वाधिक असतो. सोफा फूटभर पुढे ओढला तरी फरक ऐकू येतो. घरातल्यांना तो अडगळीसारखा वाटतो हे मान्य करूनही तो ओढावा.

स्पीकरची मांडणी

५.१ या रचनेत समोर डावा, उजवा आणि मधला, बाजूला किंवा किंचित मागे दोन सराउंड, आणि ‘.१’ म्हणजे खर्जासाठी सबवूफर. प्रेक्षकापासून पाहता पुढचे दोन मध्यरेषेपासून सुमारे ३० अंशांवर आणि सराउंड ११० अंशांच्या आसपास असावेत. ७.१ मध्ये मागे आणखी दोन येतात. सोफ्यामागे जागाच नसलेल्या हॉलमध्ये त्यांचा हट्ट व्यर्थ आहे. २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आणि २०१४ पासून घरांत आलेल्या डॉल्बी अ‍ॅटमॉसमध्ये डोक्यावरचे स्पीकर मिळून ५.१.२ असे तिसरे अंक जोडले जातात. छतावर आदळून खाली येणाऱ्या आवाजावर चालणारे स्पीकर सपाट छत मागतात. नक्षीदार पीओपी आणि मधोमध पंखा असलेल्या हॉलमध्ये छतातच बसवलेले छोटे स्पीकर बरे.

सर्वांत महत्त्वाचा स्पीकर मधला, कारण संवादांचा मोठा भाग त्यातूनच येतो. तो सहसा टीव्ही युनिटच्या खणात आत ढकललेला असतो आणि मग नायक डब्यातून बोलल्यासारखा वाटतो. स्पीकरचा चेहरा खणाच्या कडेपर्यंत पुढे आणावा, आणि युनिट बुटके असेल तर रबराचा तुकडा खाली सरकवून तो बसलेल्या माणसाच्या कानाकडे वळवावा. या कामाला पाच मिनिटे लागतात, आणि महागडा रिसीव्हर जे करू शकत नाही ते यातून होते. बजेट तोकडे असेल तर दोन सराउंड नंतर घ्यावेत, मधला आधी. मराठी मालिका आणि नाटकांची चित्रणे पाहणाऱ्या घरात तर हे जास्तच खरे; तिथे शब्द हाच खरा ऐवज असतो.

सराउंड भिंतीवर, कानांच्या किंचित वर लावतात. हॉलच्या एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराकडे जाणारा पॅसेज, अशी स्थिती नेहमीची. मग एक स्पीकर चार फुटांवर, दुसरा आठ फुटांवर येतो. दर फुटाला आवाज सुमारे ०.९ मिलिसेकंद घेतो. रिसीव्हरमध्ये प्रत्येक स्पीकरचे अंतर टेपने मोजून भरले की यंत्र जवळच्याला तेवढे थांबवते आणि पातळीही सारखी करते. बरोबर मिळणारा मायक्रोफोन हे काम आपोआप करतो, पण त्या वेळी पंखा आणि मिक्सर बंद हवेत.

सबवूफरबद्दल नाशिककरांची अपेक्षा थोडी वेगळी असते. ज्या शहराच्या नावाने ढोल ओळखला जातो, तिथे गिऱ्हाईक दुकानात सिनेमाऐवजी ढोलाचे रेकॉर्डिंग लावून बघते, आणि ती परीक्षा वाईट नाही. ठोका बसल्यावर आवाज लगेच थांबला तर सबवूफर आणि त्याची जागा दोन्ही ठीक. पुढच्या ठोक्यापर्यंत गुरगुर राहिली तर नाही. सुमारे ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला ओळखता येत नाही, त्यामुळे सबवूफर कुठेही ठेवता येतो, पण कुठेही ठेवून चालत नाही. रूढ युक्ती अशी: सबवूफरच सोफ्यावर आपल्या जागी ठेवायचा, खर्जातली एक संथ सुरावट लावायची आणि भिंतीकडेने रांगत फिरायचे. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील ती त्याची जागा. हे करताना घरच्यांनी हसू नये अशी अपेक्षा ठेवू नये.

पडदा

डोळ्यांना सुमारे ३० अंशांचा कोन भरेल एवढा पडदा हवा असे धरले, तर बसण्याचे अंतर पडद्याच्या कर्णाच्या १.६ पट येते. ५५ इंची टीव्हीला ते सव्वासात फूट, ६५ इंचीला साधारण पावणेनऊ फूट. दहा फूट रुंदीच्या हॉलमध्ये रुंदीच्या दिशेने बसणाऱ्यांना यातले दोन्ही चालतात. पडद्याचा मध्य बसलेल्या डोळ्यांच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून ४० ते ४२ इंचांवर असावा. ५५ इंची टीव्हीची खालची कड मग सुमारे २८ इंचांवर येते. आपल्याकडे टीव्ही देवघरातल्या तसबिरीइतका वर टांगतात. मुलांचे हात पोहोचू नयेत हे कारण पटण्याजोगे असले तरी दोन तासांनी मान दुखते ती दुखतेच.

प्रोजेक्टरने १०० इंची पडदा मिळतो (सुमारे ८७ × ४९ इंच), पण हॉलमध्ये तो अर्धवेळ नोकरासारखा आहे. गॅलरीतून ऊन येते तोवर चित्र धुतल्यासारखे फिके पडते, आणि पांढरे पीओपी व क्रीम रंगाच्या भिंती पडद्याचाच प्रकाश परत त्याच्यावर टाकतात. अंधार करणारे पडदे आणि पडद्याभोवती गडद रंग ही त्याची किंमत. रोजच्या बातम्या आणि मालिका टीव्हीवर, शनिवारचा सिनेमा आणि क्रिकेटचा मोठा सामना खाली ओढायच्या पडद्यावर, अशी जोडयोजना काही घरांत चांगली चालते.

जोडणी आणि सुतारकाम

साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा एकच लांबट स्पीकर, ही आज सर्वाधिक पसरलेली तडजोड. एचडीएमआय या चित्र-आवाजाच्या जोडणीतल्या ‘एआरसी’ सोयीने (२००९) टीव्हीचा आवाज एकाच केबलने बाहेर घेता येतो. ओटीटीवरचा अ‍ॅटमॉस आवाज संकुचित स्वरूपातला असल्याने त्याला एआरसी पुरते. ब्ल्यू-रे डिस्कवरचा संपूर्ण आवाज टीव्हीमार्फत न्यायचा असेल तरच ‘ईएआरसी’ ही तिची वाढीव आवृत्ती लागते.

स्पीकरच्या तारा भिंतीत न्यायच्या तर त्याची वेळ एकच: फ्लॅटचा ताबा मिळाल्यावर, पीओपी आणि रंगाच्या आधी. वायरमनला मागच्या भिंतीपर्यंत मोकळा पाइप टाकायला आणि त्यात ओढायची दोरी ठेवायला सांगावे. एचडीएमआय केबलचे डोके रुंद असते, नेहमीच्या अरुंद पाइपच्या वळणात ते हमखास अडकते. ही वेळ टळली की भिंतीवरून तार झाकत नेणारी केसिंग-कॅपिंगची पट्टी तेवढी उरते. युनिट करणारा सुतार रिसीव्हरचे माप घेऊन अगदी त्याच मापाचा बंद खण करतो. काम सुबक दिसते आणि उन्हाळ्यात रिसीव्हर तापून बंद पडतो. वर चार-पाच इंच मोकळी जागा आणि मागची फळी उघडी हवी.

विजेसाठी एसीसारखी वेगळी लाइन ओढायची गरज नसते. २३० व्होल्टवर ६ अँपिअरचा प्लग १,३८० वॅटपर्यंत जातो आणि हॉलमधली पूर्ण यंत्रणा सर्वसाधारण वापरात काहीशे वॅटच घेते. अर्थिंग मात्र नीट हवे. सबवूफरमधून सतत घूं असा आवाज येत असेल तर आधी सेट-टॉप बॉक्सची केबल काढून पाहावी. आवाज थांबला तर दोष दोन ठिकाणच्या अर्थिंगच्या फरकात आहे, सबवूफर दुरुस्तीला नेऊ नये. एप्रिल-मेच्या वळवात गडगडाट सुरू झाला की प्लगबरोबर केबलची तारही काढणे शहाणपणाचे.

शेजार

खर्ज स्लॅबमधून खाली उतरतो आणि पडदे-गालिचे त्याला अडवत नाहीत. सबवूफरखाली जाड रबर घातल्याने थोडा फरक पडतो, तो भिंतीपासून सुटा ठेवल्याने आणखी थोडा. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. बहुतेक रिसीव्हरांत असलेला ‘नाइट मोड’ मोठे आवाज दाबून लहान आवाज वर काढतो. दहानंतर तो लावला की संवाद स्पष्ट राहतात आणि खालच्या मजल्यावरून फोन येत नाही.

जुन्या नाशकातल्या आणि पंचवटीतल्या वाड्यांत गणित उलटते. लाकडी छत, जाड भिंती, कोनाडे आणि छोट्या खिडक्या यांमुळे तिथला दिवाणखाना फारसे काही न करता कानाला चांगला लागतो आणि दिवसाही अंधारा राहतो. मात्र माडीवर लाकडी तक्तपोशी असेल तर सबवूफरचा प्रत्येक ठोका खाली राहणाऱ्याच्या डोक्यावर वाजतो, म्हणून अशा घरात थिएटर तळमजल्यावरच करतात.