‘आमचा व्हिज्युअल आहे’ म्हणजे नेमकं काय?

नागपुरात बर्डीवर किंवा धरमपेठेत क्लासची चौकशी करायला गेलं, की हे वाक्य हमखास कानावर पडतं: “आमचा मुलगा व्हिज्युअल आहे, त्याला व्हिडिओच लागतात.” मग ऑनलाइन कोर्सही तसाच निवडला जातो. कुणी पाहून शिकतो, कुणी ऐकून, कुणी हाताने करून, आणि ज्याला त्याला त्याच्या शैलीत शिकवलं की जास्त कळतं, हा समज चुकीचा आहे.

२००८ साली मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅश्लर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी यावरचं संशोधन तपासलं. दावा खरा असेल तर ‘पाहणारे’ चित्रांतून आणि ‘ऐकणारे’ आवाजातून शिकल्यावर पुढे जायला हवेत. तसा भरवशाचा पुरावा मिळाला नाही. आवड असते, पण आवडीने गुण वाढत नाहीत. (नकाशा नुसता ऐकून कसा शिकायचा, हे मात्र कुणी सांगत नाही.)

मग मुलामुलांत फरक नसतोच का? असतो, चांगलाच असतो. मुख्य फरक आधी किती येतं याचा. नवख्याला पायरी-पायरीने सोडवून दाखवलेलं गणित फार उपयोगी पडतं; ज्याला ते जमतं, त्याला तीच फोड अडथळा ठरते. म्हणून एकच व्हिडिओ एकाला वरदान वाटतो, दुसऱ्याला जांभया आणतो. शिवाय व्हिडिओ थांबवून मागे जायची सवय प्रत्येकाला नसते.

आणि मे महिन्यात, कूलरच्या घरघरीत, घरातल्या एकुलत्या मोबाइलवर शिकणारं पोरगं ‘ऑडिटरी’, म्हणजे ऐकून शिकणारं, नाही असं ठरवण्याआधी जरा कूलर बंद करून बघा.