सहाव्या वर्षी मेंदूची वाढ संपते का?

मुलांचा मेंदू पाच-सहा वर्षांत पूर्ण घडतो आणि पुढे केवळ उंची व इयत्ता वाढते, असे पालकांना वर्षानुवर्षे सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. सहाव्या वर्षापर्यंत मेंदूचे आकारमान प्रौढ मेंदूच्या सुमारे ९० टक्के होते हे खरे. परंतु मज्जातंतूंवर मायलिन या चरबीयुक्त पदार्थाचे आवरण चढणे आणि मेंदूच्या पेशींमधील वापरात नसलेल्या जोडण्या छाटल्या जाणे ही कामे, विशेषतः कपाळामागील भागात, विशी उलटल्यावरही चालूच असतात.

मधल्या काळात काय बदलते, हे स्वयंपाकघरातही दिसते. पाच वर्षांच्या मुलीसमोर बुटक्या पेल्यातले दूध उंच, निमुळत्या पेल्यात ओतले, तर "आता जास्त झाले" असे ती बहुधा म्हणते. सात-आठ वर्षांची झाल्यावर तीच मुलगी सांगते, "तेवढेच आहे, परत ओतून बघ ना." घडलेली क्रिया मनातल्या मनात उलटी फिरवण्याच्या या क्षमतेला स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी मोठे महत्त्व दिले, आणि ते योग्यच होते, कारण वजाबाकी म्हणजे उलटी बेरीज हे उमगण्यासाठी हीच क्षमता लागते.

याच वयात मूल स्वतःला इतरांशी ताडून पाहू लागते. बालवाडीत शर्यतीत शेवटचे येऊनही "मीच सगळ्यात जोरात पळतो" म्हणणारा मुलगा चौथीत वही मिटून "मला गणित येतच नाही" म्हणतो, तेव्हा तो हट्ट करत नसतो. त्याने वर्गात पाहिलेल्या गुणांवरून स्वतःबद्दल काढलेला तो निष्कर्ष असतो, आणि तो अजून बदलू शकतो.