सहा मिलीमीटरची दांडी, तीन मिलीमीटरची चेन

चेन करकरते, तेल घातलं की गप्प बसते आणि चार दिवसांनी पुन्हा सुरू होते. अशा वेळी मी आधी सायकलच्या मागे उकिडवा बसतो आणि एक डोळा मिटून मागच्या दातेरी चकतीवरून पुढच्या चकतीकडे बघतो. चेन तिरकी जात असेल तर ते तिथूनच कळतं.

फ्रेमच्या बरोबर मधून एक उभा पडदा गेला आहे असं समजा. या पडद्यापासून चकतीच्या दात्यांच्या मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे चेनलाइन. पुढची चेनलाइन आणि मागची चेनलाइन जुळली की चेन सरळ धावते. पुढे दोन चकत्या असतील तर त्यांच्या मधोमध मोजायचं, तीन असतील तर मधलीपर्यंत. रोड सायकलच्या दोन चकत्यांसाठी ४३.५ मिमी हे रूढ माप आहे, ट्रॅक सायकलसाठी ४२.

मागची चेनलाइन सहसा चाकाच्या हबवर ठरून गेलेली असते. हलवता येते ती पुढची, आणि चौकोनी टोकाच्या जुन्या पद्धतीच्या बॉटम ब्रॅकेटमध्ये (दोन्ही पेडलांना जोडणारी आडवी दांडी फ्रेममध्ये जिथे फिरते तो भाग) ती हलते या दांडीच्या लांबीने. १०३, १०७, ११०, ११३, ११८, १२२.५ अशा लांब्या मिळतात. ‘जुनी ११३ ची होती, तीच द्या’ हा सरधोपट मार्ग. पण जुनी दांडी तरी बरोबर होती कशावरून? त्यापेक्षा मोजावं.

एका गिअरच्या सायकलचं उदाहरण घेऊ. चाक धरणाऱ्या मागच्या फाट्यांमधलं आतलं अंतर १२० मिमी, त्याचं निम्मं ६०. उजव्या फाट्याच्या आतल्या बाजूपासून दात्यांच्या मध्यापर्यंत १८ मिमी. म्हणजे मागची चेनलाइन ४२. आता पुढे. सीटखालच्या नळीचा व्यास २८.६, निम्मा १४.३. नळीच्या उजव्या कडेपासून चकतीच्या दात्यांपर्यंत आडवं अंतर ३०.७. बेरीज ४५. चकती ३ मिमी आत यायला हवी. इथेच हमखास चूक होते: लोक ३ मिमी आखूड दांडी शोधतात. दांडी दोन्ही बाजूंना सारखी असेल तर ती डावीकडूनही तेवढीच कमी होते, म्हणून ६ मिमी आखूड हवी. ११३ ऐवजी १०७. (काही दांड्यांची उजवी बाजू मुद्दाम लांब ठेवलेली असते. तिथे हा हिशोब चालत नाही.)

३ मिमीने एवढं काय बिघडतं? कोन तर अर्ध्या अंशाचाही नाही. शक्ती वाया जाते म्हणावं, तर तेही फारसं खरं नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर यांच्या गटाने चेनची कार्यक्षमता मोजली. त्यांना फरक दिसला तो मुख्यतः चेनचा ताण आणि चकत्यांचा आकार यांमुळे. तिरकेपणाचा परिणाम नगण्य निघाला. नुकसान होतं ते झिजेचं. कडीची बाजूची पट्टी प्रत्येक दात्याला घासत आत शिरते. गिअरच्या सायकलमध्ये चेन तशीही सतत तिरकी होतच असते आणि ती लवचीकही असते. एका गिअरला मात्र तोच तिरकेपणा कायमचा, आणि चेन जरा सैल झाली की ती उतरायला तेवढं निमित्त पुरतं.

आता खरी मेख. दांडीचं चौकोनी टोक सरळ नसतं, निमुळतं असतं. प्रत्येक बाजूला २ अंशांचा उतार. जेआयएस (जपानी) आणि आयएसओ (आंतरराष्ट्रीय) ही त्याची दोन मानकं. उतार सारखाच, पण आयएसओचं टोक किंचित बारीक. उतार इतका सौम्य आहे, की चौकोनाच्या जाडीत ०.१ मिमी, म्हणजे वहीच्या पानाएवढा, फरक पडला तरी क्रँक (पेडल धरणारा हात) दांडीवर जवळपास दीड मिमी सरकतो. आयएसओ क्रँक जेआयएस दांडीवर चढवला तर तो सुमारे साडेचार मिमी बाहेरच अडकतो. म्हणून दांडीची लांबी एकटी काहीच सांगत नाही. कोणत्या क्रँकसाठी, हे सोबत यावंच लागतं.

दांडी क्रँकलाच जोडलेली असते त्या नव्या प्रकारात लांबी निवडायचा प्रश्नच उरत नाही. तिथे काय ते पातळ वॉशर (स्पेसर) घालून साधायचं.

बॉटम ब्रॅकेट खोलताना एक ध्यानात असू द्या: ६८ मिमीच्या इंग्लिश फ्रेममध्ये उजव्या कपाचे (बेअरिंग धरणाऱ्या वाटीचे) आटे उलटे असतात, ७० मिमीच्या इटालियनमध्ये दोन्हीकडे सुलटे. आणि नवी दांडी बसवल्यावर क्रँकचा बोल्ट पूर्ण आवळूनच मोजा. हाताने नुसता ढकललेला क्रँक बोल्ट आवळताना आणखी आत चढतो. चकती फ्रेमला टेकणार असेल, तर तीही तेव्हाच टेकते.