सेंडर रेप्युटेशन : कोल्ड ई-मेल पाठवणाऱ्याची पत

एखाद्या डोमेनवरून (ई-मेल पत्त्यातल्या @ नंतरच्या नावावरून) किंवा आयपी पत्त्यावरून (सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या क्रमांकावरून) येणाऱ्या ई-मेलवर ते स्वीकारणाऱ्या सेवा कितपत विश्वास ठेवतात, त्याला सेंडर रेप्युटेशन म्हणतात. मेल इनबॉक्समध्ये ठेवायचा, स्पॅममध्ये टाकायचा की दारातूनच परत पाठवायचा, हे मुख्यतः या पतीवर ठरते. जीमेल, याहू, मायक्रोसॉफ्ट यांचे हिशेब वेगवेगळे असतात. सर्वांना लागू असा एकच गुणांक नसतो. त्यामुळे जीमेलमध्ये नीट पोहोचलेला मेल आउटलुकमध्ये स्पॅममध्ये पडणे ही रोजची गोष्ट आहे. सर्वांत जास्त धोका असतो तो कोल्ड ई-मेलला, म्हणजे ओळखपाळख नसलेल्या माणसाला धंद्यासाठी लिहिलेल्या मेलला. ज्याने मागितलेला नाही, तोच त्याची लायकी ठरवणार असतो.

ही भानगड जुनी आहे. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क यांनी इंटरनेटचा पूर्वज असलेल्या आर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण धाडले. आज ते पहिले स्पॅम म्हणून ओळखले जाते. खरे तर तो कोल्ड ई-मेलच होता. १९८२ मध्ये प्रमाणित झालेल्या एसएमटीपी या मेल पोहोचवण्याच्या पद्धतीत पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची सोयच नव्हती, कोणीही कोणाच्याही नावाने मेल पाठवू शकत असे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्रासदायक आयपी पत्त्यांच्या काळ्या याद्या निघाल्या. त्या चालवणाऱ्यांपैकी १९९८ मध्ये सुरू झालेली स्पॅमहाउस ही संस्था आजही दबदबा राखून आहे.

पुढे मेल गूगल वर्कस्पेस किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ या सामायिक सेवांवरून जाऊ लागले. तिथला आयपी हजारो ग्राहकांमध्ये वाटलेला असतो, म्हणून लहान कंपनीची स्वतःची म्हणावी अशी पत उरली ती डोमेनचीच. तो डोमेन तुमचाच आहे हे सिद्ध करण्याचे मार्ग तीन. एसपीएफ म्हणजे या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची जाहीर यादी. डीकेआयएम म्हणजे मेलवरची डिजिटल सही. आणि डीमार्क सांगतो की या दोन्हींपैकी एकही वाचणाऱ्याला दिसणाऱ्या ‘फ्रॉम’ पत्त्याशी जुळला नाही, तर त्या मेलचे काय करायचे. एसपीएफमध्ये एक खाच आहे : तपासताना १० पेक्षा जास्त डीएनएस (इंटरनेटवरच्या नावांची नोंदवही) चौकशा कराव्या लागल्या, तर सारी तपासणीच बाद होते. सीआरएम (ग्राहकांच्या नोंदी ठेवणारी प्रणाली), न्यूजलेटर, बिलिंग अशी एकेक सेवा जोडत गेलेल्या कंपन्यांची यादी ही मर्यादा कधी ओलांडते, ते कोणाच्या ध्यानीही येत नाही.

मात्र या तिन्हींनी सिद्ध होते ती फक्त ओळख. तिन्ही नोंदी चोख असलेला स्पॅमरही असतोच, आणि त्याची नेमकी ओळख पटल्यामुळे त्याला अडवणे उलट सोपे जाते.

पत खऱ्या अर्थाने जाते ती ज्यांना मेल पाठवायचा त्या पत्त्यांच्या यादीमुळे. विकत घेतलेल्या किंवा संकेतस्थळांवरून खरवडून काढलेल्या पत्त्यांत नोकरी सोडून गेलेली माणसे असतात, बंद पडलेले डोमेन असतात. अशा पत्त्यावर मेल गेला की समोरचा सर्व्हर ५५० हा क्रमांक देऊन ‘असा कोणी इथे नाही’ म्हणून सांगतो. यालाच हार्ड बाउन्स म्हणतात. ४ ने सुरू होणारा क्रमांक आला, तर ‘नंतर पुन्हा पाहा’ एवढाच अर्थ. ५५० मिळूनही त्याच पत्त्यावर मेल पाठवत राहणाऱ्याची यादी शिळी आहे, हे समोरच्याला लगेच कळते. त्याहून वाईट म्हणजे स्पॅम ट्रॅप. हे कोणीही न वापरणारे, केवळ सापळा म्हणून जिवंत ठेवलेले पत्ते. काही मुळातच सापळ्यासाठी तयार केलेले, काही जुनी खाती बंद करून वर्षाने पुन्हा चालू केलेली. पहिल्यांनी कधी कोणाकडून काही मागितलेलेच नसते आणि दुसरे केव्हाच बंद पडलेले असतात, त्यामुळे तिथे मेल पोहोचला की बचावाला जागा उरत नाही. पाठवण्याआधी पत्ते पडताळणाऱ्या सेवा बाउन्स बऱ्यापैकी कमी करतात. सापळे मात्र त्यांना हमखास ओळखता येत नाहीत.

दुसरा घाव तक्रारींचा. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रेषकांसाठी नियम कडक केले. गूगलच्या लेखी मोठा प्रेषक म्हणजे व्यक्तिगत जीमेल खात्यांवर दिवसाला सुमारे ५,००० किंवा अधिक मेल पाठवणारा; एकदा हा शिक्का बसला की आकडा घटला तरी तो पुसला जात नाही. त्याला तिन्ही नोंदी आणि प्रचाराच्या मेलमध्ये एका टिचकीत नाव काढण्याची सोय सक्तीची आहे. स्पॅमच्या तक्रारी ०.१ टक्क्याच्या आत ठेवा आणि ०.३ टक्क्यापर्यंत कधीच जाऊ देऊ नका, असेही गूगल सांगते. म्हणजे हजारांत ३ माणसांनी ‘स्पॅम’चे बटण दाबले की झाले. मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनेही आउटलुक डॉट कॉमसाठी असाच पवित्रा घेतला.

पुण्या-मुंबईतल्या ज्या छोट्या सॉफ्टवेअर कंपन्या अमेरिकी ग्राहक शोधत दिवसाला १००-२०० मेल पाठवतात, त्यांना वाटते की हे आपल्याला लागू नाही. नियमाच्या भाषेत ते अर्धवटच खरे आहे, कारण तक्रारी ०.३ टक्क्याखाली ठेवण्याची अट गूगलने सर्वच प्रेषकांना घातली आहे. गाळणीही सर्वांनाच लागते, आणि १०० मेलवर एक तक्रार म्हणजे थेट १ टक्का. शिवाय पाठवणाऱ्याला तक्रारींचे प्रमाण दाखवणाऱ्या गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये एवढ्या थोड्या मेलचा आलेख बहुधा दिसतच नाही. दिसला तरी जपून वाचावा. मेल आधीच स्पॅममध्ये पडत असतील तर तक्रार करणार कोण? आकडा शून्याजवळ दिसतो आणि माणूस निर्धास्त राहतो. मेल किती जणांनी उघडला हा आकडाही सप्टेंबर २०२१ नंतर फारसा कामाचा राहिलेला नाही, कारण तो मेलमधली चित्रे उतरवली गेल्यावरून मोजतात, आणि ॲपलची गोपनीयता-सोय चालू असेल तर वाचणाऱ्याने मेल उघडला नाही तरी त्यातली चित्रे आपोआप उतरवली जातात. त्यापेक्षा उत्तरे मोजलेली बरी.

नव्या डोमेनवरून पहिल्याच दिवशी शेकडो मेल सोडणे हे घातकच. रोज थोडे थोडे वाढवत नेण्याला वॉर्म-अप म्हणतात. वर्कस्पेस एका खात्याला दिवसाला २,००० मेलची परवानगी देत असले, तरी कोल्ड ई-मेलवाले एका खात्यावरून ३० ते ५० च्या पुढे सहसा जात नाहीत. काही सेवा खोट्या खात्यांच्या जाळ्यात मेल फिरवून, आपसांत उत्तरे देऊन पत वाढवून देतात. ही उसनी पत खऱ्या वाचकांची तक्रार येईपर्यंतच टिकते.

मुख्य डोमेनला झळ लागू नये म्हणून कोल्ड ई-मेलसाठी वेगळा डोमेन ठेवणे शहाणपणाचे, कारण मुख्य डोमेनची पत गेली की बिले आणि ग्राहकांची नेहमीची उत्तरेही स्पॅममध्ये जातात. पण दोनाचे वीस आणि विसाचे दोनशे डोमेन करून ओझे पातळ पसरवणे हा निराळाच प्रकार. स्पॅमविरोधी मंडळी त्याला स्नोशू (बर्फावर चालायचे पसरट जोडे) म्हणतात आणि तो शोधण्यात ती चांगलीच तरबेज आहेत.

कायदे देशोदेशी वेगळे. अमेरिकेचा कॅन-स्पॅम कायदा २००४ पासून लागू आहे. त्यात पूर्वसंमती लागत नाही, मात्र टपालाचा खरा पत्ता द्यावा लागतो आणि नको म्हणणाऱ्याला १० कामकाजी दिवसांत वगळावे लागते. कॅनडात २०१४ पासून साधारणपणे आधी संमती हवी. भारतात दूरसंचार नियामक ट्रायचे २०१८ चे नियम फोन आणि एसएमएसपुरते आहेत, ई-मेल त्यांत येत नाही. पण कायद्यात बसणारा मेलही काळ्या यादीत जाऊ शकतो : स्पॅमहाउस पाहते ते एवढेच की मेल न मागता आणि घाऊक पाठवला होता का. तिथून नाव काढायला पैसे लागत नाहीत. पण कारण दूर न करता अर्ज केला, तर नाव पुन्हा यादीत येते.