जाळी काढली की पिकअप वाढतो?

‘बाइकला बाहेरून बसवलेल्या सायलेन्सरची आतली (आवाज कमी करणारी) जाळी काढा, पिकअप वाढेल,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. वाढतो तो आवाज. मोठा आवाज कानाला वेगासारखाच वाटतो, म्हणून हा समज टिकून आहे.

जाळी गेली की जळालेला वायू बाहेर पडताना अडथळा कमी होतो. पण कार्बोरेटरच्या गाडीत जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक छिद्र) तेच राहतं, त्यामुळे मिश्रणात पेट्रोल कमी पडू शकतं. मग खालच्या आरपीएमला ओढ कमी होते आणि थ्रॉटल सोडला की फटफट येते.

पडताळा घरच्या घरी होतो. रिकाम्या, सपाट रस्त्यावर टॉप गिअरमध्ये ४० वरून ६० ला जायला किती सेकंद लागतात ते मागे बसलेल्याने मोजावं. जाळीसह तीनदा, जाळीशिवाय तीनदा. नंतर स्पार्क प्लग काढून बघा. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक, खडूसारखं पांढरं असेल तर पेट्रोल कमी पडतंय.

जाळी असूनही फटफट येत असेल तर हेडजवळचं गॅस्केट, म्हणजे सायलेन्सरचा पाइप इंजिनला जोडतो तिथलं सील, तपासा. इंजिन थंड असताना जोडाला साबणाचं पाणी लावून गाडी चालू करा. बुडबुडे येतील तिथे गळती. पाइप उतरवला की गॅस्केट नवंच टाका, चेपलेलं जुनं पुन्हा नीट बसत नाही.