कुत्र्यांचा कोरोना म्हणजे नेमका कोणता?

कोविडच्या काळात कुत्र्यांच्या लशीच्या लेबलचा फोटो फिरत होता, त्यावर 'कॅनाइन कोरोनाव्हायरस' लिहिलेलं आणि खाली मजकूर, की बघा हा रोग जुनाच आहे, लसही आहे, आपल्यापासून लपवलंय. साफ चूक. कोरोना हे एका विषाणूचं नाव नाहीये, अख्ख्या कुळाचं आहे. लशीवरचा विषाणू अल्फा गटातला, १९७१ मध्ये जर्मनीत लष्करी कुत्र्यांत सापडलेला, आतड्यात राहून जुलाब करणारा. कोविडचा बीटा गटातला. ती लस माणसासाठी नाहीच.

बरं, कुत्र्यांतही प्रकार एकच नाही. आतड्यातल्या विषाणूचे टाइप १ आणि टाइप २, टाइप २ चे परत ए आणि बी, त्यातल्या बीच्या स्पाइकचं, म्हणजे विषाणूच्या पृष्ठभागावरच्या काट्यासारख्या प्रथिनाचं, टोक डुकरांच्या कोरोनाशी जुळतं. शिवाय २००३ मध्ये ब्रिटनमधून समोर आलेला श्वसनमार्गाचा वेगळाच, तो बीटा गटातला, गाईंच्या कोरोनाचा जवळचा नातलग.

एवढी विविधता येते कुठून? म्यूटेशनमधून, हे खरंय पण अर्धंच. कोरोनाचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय मजकूर, जवळपास तीस हजार अक्षरांचा, आणि कॉपी करताना झालेल्या चुका दुरुस्त करणारं एन्झाइम त्याच्याकडे असतं, म्हणून नुसत्या चुकांवर सगळं भागत नाही. उरलेलं अर्धं म्हणजे कॉपी करताना मारलेली उडी, आणि मला भारी वाटते ती हीच. कॉपी करणारं पॉलिमरेज आरएनएच्या शेवटाकडून निघतं, वाटेत बऱ्याच जीन्सच्या आधी एक छोटा ठराविक क्रम लागतो, तिथे ते कधी सरळ पुढे जातं तर कधी अर्धवट कॉपी घेऊन थेट सुरुवातीच्या टोकाला उडी मारतं, कारण तिथेही तोच क्रम असतो आणि कॉपीचं टोक त्याला बरोबर चिकटतं. अशा आखूड कॉप्यांवरूनच स्पाइक वगैरे प्रथिनांचे एमआरएनए (प्रथिन बनवायच्या सूचना) बनतात, म्हणजे उडी मारणं हे त्याचं रोजचं काम आहे. आता एकाच पेशीत दोन वेगळे कोरोना घुसले, तर पॉलिमरेज अक्षरं जुळतील तिथे एकाच्या आरएनएवरून दुसऱ्याच्या आरएनएवर उतरू शकतं आणि पुढची कॉपी त्याची होते! एका फटक्यात अख्खा स्पाइक बदलू शकतो, आणि कोणत्या पेशीत शिरता येईल हे बरंचसं स्पाइकच ठरवतो.

मांजरांचा टाइप २ कोरोना असाच झालाय, मांजरांचा टाइप १ आणि कुत्र्यांचा टाइप २ मिसळून. २०२३ मध्ये सायप्रसमध्ये मांजरांची मोठी साथ आली, त्या विषाणूचा स्पाइकही कुत्र्यांच्या कोरोनाकडून आलेला.

माणसात? २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की मलेशियातल्या सारावाकमध्ये न्यूमोनियाच्या ३०१ पेशंटांपैकी ८ जणांच्या नमुन्यांत असा मिसळलेला विषाणू मिळाला, बहुतेक लहान मुलं, आणि त्याच्या जीनोममध्ये (अख्ख्या आरएनएत) कुत्रा-मांजर दोघांच्या विषाणूंचे तुकडे होते. न्यूमोनिया त्यानेच झाला हे यातून सिद्ध होत नाही, माणसाकडून माणसाला पसरल्याचाही पुरावा नाही, तेव्हा 'कुत्र्यांतून नवा कोरोना' असली हेडलाइन वाचून कुणी पाळलेला कुत्रा रस्त्यावर सोडू नये. तो सापडला कारण तिथे सगळ्या कोरोनांच्या आरएनएतला समान भाग शोधणारी पीसीआर टेस्ट वापरली होती. हॉस्पिटलातल्या नेहमीच्या टेस्ट ठरावीक ओळखीचे विषाणूच शोधतात, त्यांत हा दिसलाच नसता.