त्वचावाहकता आणि चिंतामापन

घर्मग्रंथी सक्रिय झाल्या की त्वचेची वीजवहनक्षमता वाढते. ती मायक्रोसीमेन्समध्ये (वाहकतेचे एकक) मोजून व्यक्तीच्या उत्तेजित अवस्थेचा अंदाज बांधण्याची ही पद्धत आज मनगटी उपकरणांतही वापरली जाते.

शोधाच्या श्रेयाविषयी एकवाक्यता नाही. सामान्यतः ते फ्रेंच वैद्य शार्ल फेरे (१८८८) यांना देतात. त्यांनी बाहेरून क्षीण प्रवाह सोडला व संवेदी उद्दीपनानंतर त्वचेचा रोध घटतो असे दाखवले. इव्हान तारखानोव्ह यांनी १८८९-९०च्या सुमारास बाह्य प्रवाहाविना त्वचेवरील दोन बिंदूंमधला विभवांतर (व्होल्टेजमधील फरक) टिपला. दोन्ही मापने मुळात वेगळी असल्याने ‘आधी कोण’ हा वाद बराचसा निरर्थक ठरतो. शिवाय व्हिगुरू यांनी उन्मादाच्या रुग्णांतील रोधबदल १८७९मध्येच नोंदवले होते. फेरे बदलाचे कारण रक्तवाहिन्यांत शोधत होते, तारखानोव्ह घर्मस्रावात. हेर्मान व लुक्सिंगर यांचे मांजराच्या पंजावरील प्रयोग (१८७८) पाहता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. १९०७पर्यंत कार्ल युंग प्रभृतींनी शब्दसाहचर्य चाचणीला (शब्द ऐकताच मनात येणारा पहिला शब्द सांगण्याची चाचणी) गॅल्व्हानोमीटर, म्हणजे क्षीण वीजप्रवाह मोजणारे यंत्र, जोडला होता.

उद्दीपनानंतर साधारण एक ते तीन सेकंदांत वाहकतेचा आलेख चढतो व सावकाश उतरतो. भीतीने घाम फुटतो तो मुख्यतः तळहात-तळपायांना. घड्याळ मात्र मनगटावर असते आणि तेथे या ग्रंथी विरळ. फिटबिट सेन्स (२०२०) या घड्याळात म्हणूनच तळहात तबकडीवर टेकवावा लागे. पट्टा सैल असला, जिना चढला किंवा हवा दमट असली तरी आकडा हलतो. मे महिन्यातल्या कोकणात तो कशामुळे वाढला हे सांगणे अवघडच. त्यामुळे हालचाल, त्वचेचे तापमान व नाडी यांच्या नोंदी सोबत घ्याव्या लागतात.

वेसॅड (२०१८) या बहुचर्चित विदासंचात १५ व्यक्तींच्या छाती व मनगटावरील नोंदी आहेत. तेथे ताण भाषण व तोंडी वजाबाकी करायला लावून निर्माण केलेला होता. त्याला चिंताविकृती म्हणता येत नाही. जीएडी-७ (२००६) ही चिंताविकृतीची तीव्रता मोजणारी प्रश्नावली मागील दोन आठवड्यांविषयी सात प्रश्न विचारते व ० ते २१ गुण देते. सेकंदांत बदलणारा आलेख अशा गुणांशी जुळवताना झोप व हृदयगतीतील चढउतार यांच्या दीर्घकालीन नोंदी अधिक उपयोगी दिसतात.

घर्मग्रंथींच्या चेता अनुकंपी (ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या चेतासंस्थेच्या) असूनही ॲसिटिलकोलीन हे संदेशवाहक रसायन स्रवतात. परिणामी या रसायनाचा परिणाम रोखणारी ट्रायसायक्लिक गटातील नैराश्यविरोधी औषधे घेणाऱ्यांची त्वचावाहकता, चिंता कायम असतानाही, कमी भरू शकते.